पाइपात वाचवले, वायरीत गमावले

पायजम्याच्या नेफ्यात नाडा ओवणे हे आपल्या धंद्यातल्या लहान पोराचे काम. टोकाला सेफ्टी पिन लावायची, नेफ्यात सारायची आणि वरून चाचपत पुढे न्यायची. नेफा अरुंद शिवला असेल किंवा आत शिवण अडकली असेल तर नाडा अडतो. अशा वेळी जाणता कारागीर जोर लावत नाही. जोर लावला की पिन आतच सुटते आणि मग नेफा उसवावा लागतो, हे त्याला ठाऊक असते.

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढूनही हे साधे शहाणपण मला विजेच्या पाइपाच्या वेळी सुचले नाही. त्याची किंमत मोजली ती मोजली. पण आपले अनेक बांधव आज गाळे, गोदामे, शिलाईचे कारखाने नव्या जागी हलवत आहेत. विजेचे काम त्यांनाही करावेच लागणार, म्हणून ही हकीकत सविस्तर लिहीत आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसीची टीटीसी औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाला, रबाळे व घणसोली यांच्यामध्ये, तळवली गाव. मूळ वस्ती आगरी-कोळी बांधवांची. आता खाली गाळे आणि वर खोल्या अशा इमारती दाटीने उभ्या आहेत. तिथे आम्ही कापडाचे गोदाम आणि त्याला लागून शिलाईचा छोटा विभाग काढला. मीटर दर्शनी बाजूला आणि आमची जागा अगदी मागे. सरळ मोजले तर अंतर ४५ मीटर, पण पाइप वर चढून, कोपरे घेत, पुन्हा खाली उतरतो, म्हणून तो साठ मीटर भरला. मशिने, कटिंग, स्टीम प्रेस आणि विजेचा बॉयलर मिळून ४० किलोवॉटचा भार. त्यासाठी तांब्याच्या ३५ चौरस मिलीमीटरच्या, बाजारात 'पस्तीस स्क्वेअर' म्हणतात त्या चार वायरी आणि सोबत अर्थिंगची १६ स्क्वेअरची एक वायर टाकायचे ठरले.

काम घेणाऱ्याने ५० मिलीमीटरचा पाइप सांगितला होता. मी म्हटले, चाळीसचा टाका, वायरी जातात ना त्यातून, मग झाले. त्याने वळणावर लांब बेंड सांगितले होते, मी एल्बो चालवून घ्यायला लावले. त्याने मध्ये दोन ठिकाणी जंक्शन बॉक्स सांगितले होते. रंगवलेल्या भिंतीवर डबे दिसतात म्हणून मी तेही काढून टाकले. पाइप भिंतीत गाडला, वरून गिलावा झाला, रंग झाला. मी मनात वाचलेले पैसे मोजले.

मग वायर ओढायचा दिवस आला. मीटरच्या बाजूने दोघे वायर सारत होते आणि गोदामाच्या बाजूने चौघे ओढत होते. पंखा गोदामात होता, एवढ्याच कारणाने ओढणारे तिकडे बसले होते. हे पुढे महागात पडले. चाळीस मीटरपर्यंत वायरी आल्या आणि तिसऱ्या वळणावर थांबल्या. चाराचे सहा जण झाले, तरी वायर वीतभरही सरकेना. कुणीतरी सुचवले की दोर बाहेर काढून टेम्पोला बांधू, एका झटक्यात येईल. मीसुद्धा टेम्पोवाल्याला हाक मारणार होतो.

आमचे वायरमन चाचा साठी ओलांडलेले, मूळचे महाड तालुक्यातले. त्यांनी दोर हातातून खाली ठेवला.

"शेठ, टेम्पोने ओढलं तर येईल बाहेर. पण काय येईल, ते मी सांगू शकत नाही."

"चाचा, संध्याकाळपर्यंत लाइन चालू करायची आहे."

"मग दुसरा माणूस बघा. माझ्या हाताने हे व्हायचं नाही."

मला राग आला, हे कबूल करतो. पण चाचांचे केस या कामात पिकलेले आहेत. मी गप्प बसलो. त्यांनी वायरी उलट्या बाहेर काढायला लावल्या, त्यात उरलेला दिवस गेला. लाल वायर बाहेर आली तेव्हा तिची कातडी हातभर खरवडली होती आणि एका जागी तांबे चमकत होते. एल्बोच्या तोंडाशी सिमेंटचा खडा घट्ट बसला होता. गिलावा करताना पाइपाची तोंडे उघडीच राहिली होती. आमच्याकडे चिंध्यांचे गठ्ठे पडलेले असतात, पण त्या पाइपाच्या तोंडात दोन चिंध्या कोंबून ठेवायचे कुणाला सुचले नव्हते.

टेम्पोने ओढली असती तर ती वायर तशीच आत गेली असती. दिवे लागले असते, मशिने चालली असती आणि आम्ही मिठाई वाटली असती. उघडे तांबे भिंतीच्या आत राहिले असते, आणि भिंतीला लागून कापडाचे तागे. शिलाईच्या जागेत कापसाची बारीक धूळ किती साचते, ते आपल्याला सांगायला नको. भिवंडीच्या गोदामांना, काळबादेवीच्या गाळ्यांना लागलेल्या आगीच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बातमीत 'शॉर्टसर्किट' असे लिहून येते आणि आपण पान उलटतो. ते शॉर्टसर्किट कसे तयार होते, ते त्या दिवशी माझ्या समोर जमिनीवर पडले होते.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला हिशेब समजावला. व्यापाऱ्याला हिशेब लवकर कळतो, म्हणून तो इथे देतो.

पहिला हिशेब पाइपाच्या जाडीचा. पाइपात तीन किंवा अधिक वायरी असतील तर आतल्या जागेचा चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग भरू नये, असा साधारण नियम आहे. उरलेली साठ टक्के जागा वायरींना सरकायला आणि उष्णता बाहेर जायला लागते. हे काढायला मोठे गणित नको. वायरीची बाहेरची जाडी मोजा आणि तिला तिनेच गुणा. आमची वायर साधारण साडेअकरा मिलीमीटरची, गुणाकार १३२. चार वायरींचे ५२८. अर्थिंगची वायर आठ मिलीमीटरची, तिचे ६४. एकूण ५९२. आता पाइपाची आतली जाडी घ्या. चाळीसचा पाइप बाहेरून चाळीस असतो, आतून तो ३६च्या आसपास भरतो. ३६ गुणिले ३६ म्हणजे १२९६. म्हणजे माझा पाइप ४६ टक्के भरत होता. पन्नासचा पाइप आतून ४६ धरला तर २११६ येतात, आणि त्याच वायरी २८ टक्क्यांतच मावतात. बाहेरून फरक दहा मिलीमीटरचा, आत मात्र जागा दीडपटीहून अधिक. कापडाचा पन्हा बघून माल घेणाऱ्या माणसाने पाइपाचा पन्हा बघितला नव्हता.

दाटीचा आणखी एक तोटा आहे. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकण्यासाठी बनवलेले असते. पाइपात वायरींची दाटी केली की उष्णता कोंडते. तीच वायर मोकळ्या हवेत जेवढा भार उचलते, तेवढा भार दाटीत उचलत नाही. वायर जाड घेतली म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरा हिशेब वळणांचा, आणि खरे नुकसान याच्यातच आहे. आमच्या उर्दू शाळेत सायन्सच्या तासाला 'रगड' शिकवत, मराठीत त्यालाच घर्षण म्हणतात. मला वाटायचे, एक वळण म्हणजे थोडी रगड, चार वळणे म्हणजे त्याच्या चौपट. तसे नाही. ऐरोलीजवळच्या दिवा कोळीवाड्यात होडी बांधताना बघा. दोराचे दोन-तीन वेढे खांबाला घातले की एवढी मोठी होडी एका हाताने धरून ठेवता येते. प्रत्येक वेढा आधीच्या जोराला गुणतो, त्यात नुसती भर घालत नाही. अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या गणितज्ञाने याचे सूत्र मांडले. पाइपातल्या वळणाला तेच सूत्र लागू पडते. कोरड्या पाइपात रगड निम्मी धरली तर काटकोनाचे एक वळण ओढायचा जोर सव्वादोनपटीच्या जवळ नेते. दोन वळणे जवळजवळ पाचपट, तीन वळणे दहापट, चार वळणे तेवीसपट.

आपण ज्या चक्रवाढ व्याजापासून दूर राहतो, तेच व्याज मी माझ्या भिंतीत गाडून ठेवले होते.

दोन ओढबिंदूंमध्ये चार काटकोनांपेक्षा जास्त वळणे असू नयेत, असा अमेरिकेच्या वीजसंहितेतला नियम आहे. चाचा म्हणतात, चार ही हद्द झाली, दोनच ठेवा. त्यापुढे डबा बसवा. डब्यात वायर बाहेर काढून पुन्हा सारता येते, म्हणजे तेवीसपटीचे खाते बंद होऊन नवे खाते उघडते. माझ्या भिंतीत चार वळणे होती आणि डबा एकही नव्हता.

तिसरी गोष्ट दिशेची, जी मी पंख्याच्या वाऱ्यावर सोडली होती. आमची तीन वळणे गोदामाच्या टोकाकडे होती आणि एक मीटरकडे. वळण जोराला गुणते, म्हणून जोर कमी असतानाच वळण पार व्हायला हवे. समजा वायर सारताना दहा किलोचा मागचा ताण आहे आणि सरळ लांबीची रगड ४५ किलोची आहे. दोन वळणे सारण्याच्या टोकाला असली तर दहाचे ४८ होतात, त्यात ४५ मिळवले की ९३. हीच दोन वळणे ओढण्याच्या टोकाला असली तर आधी ५५ साचतात आणि मग त्यांची पाचपट होते, म्हणजे २६०च्या पुढे. पाइप तोच, वायर तीच आणि माणसेही तीच. ज्या टोकाला वळणे जास्त, तिथून वायर सारायची आणि दुसऱ्या टोकाने ओढायची. एवढे लक्षात ठेवले तरी खूप श्रम वाचतात.

पंचेचाळीस किलो कुठून आले? तांब्याच्या वजनावरून. पस्तीस स्क्वेअरच्या एका मीटरमध्ये साधारण तीनशे ग्रॅम तांबे असते. चार वायरी, साठ मीटर, म्हणजे पाऊणशे किलो नुसते तांबे. आवरणासह नव्वदच्या वर. त्याची निम्मी रगड.

हे वजन दुसऱ्या कारणासाठीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाजारात कमी तांब्याची वायर जाड आवरण चढवून विकली जाते. आपण सुताचा काउंट तपासतो, गजाने कापड मोजतो, मग वायरीचा तुकडा सोलून वजन का करू नये? आयएसआय मार्क बघा, पक्के बिल घ्या आणि एक मीटर तुकड्यातले तांबे काट्यावर ठेवा. अडीचशे ग्रॅम भरले तर शंका घ्या. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह अल्-मुतफ्फिफीन आहे. ती आपण विकताना आठवतो तशी खरेदी करतानाही आठवावी, कारण अशा मालाला गिऱ्हाईक मिळते म्हणूनच तो विकला जातो.

आता आम्ही पुढे काय केले ते सांगतो. भिंतीतला पाइप सोडून दिला. भिंतीवरून, उघडा, पन्नासचा लोखंडी पाइप टाकला. कापडाच्या गोदामात लोखंडी पाइपच बरा. उंदीर तो कुरतडत नाही, आणि आत काही बिघडले तर आगीला अडसर राहतो. पण लोखंडी पाइपाच्या दोन अटी आहेत. पाइप कापला की त्याच्या तोंडाला धार येते, ती कानशीने घासून काढायची आणि तोंडावर बुश बसवायचा, नाहीतर तीच धार वायर सोलते. दुसरी अट, तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून न्यायचे. एकटी फेज लोखंडी पाइपातून नेली की पाइप स्वतःच तापू लागतो. पाइपालाही अर्थिंग हवेच.

वळणांवर लांब बेंड घेतले आणि दोन डबे बसवले. सुरुवातीला डोळ्यांना खटकले, आता त्यांच्याकडे लक्षही जात नाही.

ओढण्याआधी चाचांनी दोराला कापडाचा बोळा बांधून पाइपातून दोनदा फिरवला. बोळ्यावर गंज, खडे, जे असेल ते निघाले. नंतर फिश वायर घातली आणि तिला दोर जोडून तो पाइपात घेतला. दोर वायरींना बांधायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. पाचही वायरींची टोके त्यांनी एका लांबीची ठेवली नाहीत. एक पुढे, दुसरी चार बोटे मागे, तिसरी आणखी मागे. प्रत्येकीचे आवरण सोलून तांब्याचे थोडे तंतू ठेवले, बाकीचे कापले, आणि ते तंतू दोराच्या फाशात गुंफले. वरून चिकटपट्टी अशी गुंडाळली की सगळे मिळून दिव्याच्या वातीसारखे निमुळते झाले. एका जागी पाच गाठी आल्या तर ती गाठ प्रत्येक वळणावर अडते. नाड्याच्या टोकाला पिन लावतो तेव्हा आपण नाड्याची घडी करून तिला बारीक करतोच ना, तेच हे.

निसरडेपणासाठी शंखजिऱ्याची पावडर वापरली. शिंप्याचा खडू ज्या मऊ दगडाचा होतो, तीच ही. वायरीला हाताने चोळत आत सोडायची. याच कामासाठी मिळणारे पाण्याचे जेल आणखी चांगले. रगड निम्म्यावरून पाचव्या हिश्शावर आली तर चार वळणांची तेवीसपट साडेतीनपटीवर येते. पण ग्रीस, इंजिनचे तेल लावू नये, त्याने आवरण खराब होते. कपडे धुण्याचा साबणही नको. तो सुकून खडखडीत होतो आणि पाच वर्षांनी वायर बदलायची वेळ आली की ती सुटत नाही.

या खेपेला गोदामाकडून सारले आणि मीटरकडून ओढले. चाचा स्वतः सारण्याच्या टोकाला बसले. मला वाटायचे, मुख्य माणूस ओढणारा. तसे नाही, सारणारा उस्ताद असावा लागतो. वायरींची वेटोळी वेगवेगळी ठेवून त्यांना एकमेकींत गुंतू न देता, ओढणाऱ्याच्या हाताशी हात मिळवून तो वायर आत देतो. दोन्ही टोकांना मोबाइल चालू होते आणि 'हां' व 'थांब' याशिवाय तिसरा शब्द नाही. शक्यतो मध्ये थांबायचे नाही, कारण थांबलेली वायर पुन्हा हलवायला चालत्या वायरीपेक्षा जास्त जोर लागतो. आदल्या खेपेला सहा जणांना न हललेले काम तिघांनी दुपारच्या नमाजाआधी उरकले.

पाइपाच्या आत कुठेही जोड दिला नाही. जोड द्यायचाच असेल तर डब्यात. वायरींसोबत एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवली, पुढे कधी काही ओढायचे झाले तर तयार असावी म्हणून. मग मेगरची चाचणी. ५०० व्होल्टवर एक मिनिट, प्रत्येक वायर आणि अर्थ यांच्यामध्ये. कमीत कमी एक मेगाओहम यायला हवा, ही कायद्याची किमान अट. नव्या वायरीला त्याच्या कितीतरी वर यायला पाहिजे. आमचा काटा शंभरच्या पुढे गेला. खरवडलेल्या लाल वायरीचा तुकडा मी टाकला नाही. नवीन गाळा घेणारा कुणी सल्ला विचारायला आला की त्याच्या हातात देतो.

एक गोष्ट राहिली. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांपासून आजच्या वीज सुरक्षा नियमांपर्यंत कायदा हेच सांगतो की असे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच करून घ्यावे. महावितरणकडे चाचणीचा अहवालही त्याच्याच सहीचा लागतो. आपल्या समाजात हाताला हुनर असलेले वायरमन पुष्कळ आहेत, पण कागद नसल्याने ते दुसऱ्याच्या परवान्यावर मजूर म्हणून राबतात. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री हे दोन्ही दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. मुंबईत भायखळ्याला साबू सिद्दीकसारखी संस्था १९३६पासून आपल्या मुलांना तंत्रशिक्षण देत आली आहे. ज्या घरात बापाला काम येते, त्या घरातल्या मुलाला दोन वर्षांत कागदही मिळू शकतो. चाचांचा नातू यंदा तारतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मजुरीचेही सांगतो. पहिल्या खेपेला मी काम उक्ते दिले होते. उक्त्यात माणसाला घाई असते, आणि घाईत टेम्पो आठवतो. दुसऱ्या खेपेला रोजावर दिले, आणि पहिल्या वाया गेलेल्या दिवसाचा रोजही सगळ्यांना त्याच संध्याकाळी दिला. तो दिवस वाया गेला होता तो माझ्या चाळीसच्या पाइपामुळे, त्यांच्या हातामुळे नव्हे. चाचा तो घ्यायला तयार नव्हते, मुश्किलीने घेतला.

भिंतीतला तो पाइप अजून तिथेच आहे. गेल्या वर्षी त्यातून कॅमेऱ्याची बारीक वायर टाकली. तीसुद्धा तिसऱ्या वळणावर अडली होती.